प्रदर्शन संपल्यावर त्या मातीचं काय होतं?

काळी_रेगूर
शिल्पकला म्हटलं की आपल्याकडे कुठलाही धागा दोन प्रतिसादांत पुतळ्यांवर घसरतो. कुणाचा, किती फुटी, कुठल्या चौकात. म्हणून आधीच सांगतो, पुतळ्यांसाठी वेगळा धागा काढा. इथे जमीन, शेती, खाणी, बिघडलेलं हवामान हे विषय घेऊन काम करणाऱ्या शिल्पकारांबद्दल बोलूया. मी कलेतला माणूस नाही, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, त्यामुळे कुणी मातीत शिल्प केलं असं वाचलं की माझं डोकं भलतीकडेच जातं. माती आणली कुठून, आणि नंतर तिचं केलं काय?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अ‍ॅग्नेस डेनिस बाईंचं. १९८२ साली मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीट आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून दोन गल्ल्यांवर, नदीत भराव टाकून केलेली जागा मोकळी पडली होती. भरावात बराचसा माल ट्रेड सेंटरचा पाया खणताना निघालेला. तिथे बाईंनी २०० ट्रक माती आणून टाकली, दगड-कचरा वेचला, हाताने २८५ सऱ्या पाडल्या आणि दोन एकर गहू पेरला. मग पाण्याची लाइन, खुरपणी, खत, काणी धरलेली रोपं उपटणं, भुरीवर फवारणी (दोन्ही बुरशीचे रोग), सगळं रीतसर. १६ ऑगस्टला कापणी केली, हजार पौंडांच्या वर गहू निघाला. त्या जमिनीची तेव्हाची किंमत साडेचार अब्ज डॉलर! एवढ्या महाग जागेत गहू पेरणं हा वेडेपणा वाटतो की नाही, आणि वाटत असेल तर का, हेच त्यांना विचारायचं होतं. कामाचं नाव 'व्हीटफिल्ड: अ कन्फ्रंटेशन'. आज तिथे बॅटरी पार्क सिटीच्या इमारती आहेत. गहू मात्र पुढे जगातल्या भुकेवरच्या एका प्रदर्शनातून २८ शहरांत फिरला आणि लोकांनी त्यातलं बी नेऊन ठिकठिकाणी पेरलं.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे गाव, जन्म १९८६, घरातल्या तीन पिढ्या कोळसा खाणीत. खैरागडला शिल्पकलेची पदवी, मग बडोद्याला पुढचं शिक्षण. त्यांची माणसं पाहिलीत तर विसरणार नाही, धड माणसाचं आणि डोक्याच्या जागी कधी दिवा, कधी अवजार, कधी आख्खं यंत्र. आणि नागपूरच्या श्वेता भट्टड, त्याही शिल्पकलाच शिकलेल्या, पण त्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातल्या पारडसिंगा गावात ग्राम आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि शेतकऱ्यांसोबत शेतातच काम करायला लागल्या. शेतात पिकातून अक्षरं उगवली, पंतप्रधानांचं चित्र उगवलं, 'डिअर प्राइम मिनिस्टर, प्लीज ग्रो इन इंडिया' असं.

माझा मुद्दा साधा आहे. जमिनीवर काम करणाऱ्या शिल्पकाराला जोखायचं असेल तर काम संपल्यावर त्या जमिनीचं काय झालं ते बघा. फोटो सगळेच छान येतात. मतं वेगळी असणारच, येऊद्या.

बांधावरचा_दगड
धागा आवडला पण एक हिशोब करतो, राहवत नाही. हजार पौंड म्हणजे साडेचार क्विंटल. दोन एकरात. म्हणजे एकरी सव्वादोन क्विंटल. अहो आमच्या निफाडकडं पाणी असलं तर एकरी पंधरा क्विंटल काढतात लोक, आणि एवढा कमी आला तर काढणीची मजुरीसुद्धा अंगावर येते. बाईंना बँकेनं दारात उभं केलं नसतं :)

पण गंमत सोडून सांगतो, भरावावर पहिल्याच वर्षी, तेही काणी आणि भुरी दोन्ही आलेली असताना साडेचार क्विंटल आला हे वाईट नाही. नवीन सपाट केलेल्या रानात पहिली दोन-तीन वर्षं काय येतं ते आम्हाला विचारा. मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत म्हणजे साडेतीन महिने, गव्हाचा कालावधी बरोबर बसतो. म्हणजे नाटक नव्हतं, बाईनं शेती केली. माझ्या दृष्टीनं तिथंच पास.

फुलटॉस
शेती केली मान्य. शिल्प कुठे आहे पण? माझा चुलता चाळीस वर्षं गहू पेरतोय, त्याला कुठल्या म्युझियमने बोलावलं नाही. मॅनहॅटनमध्ये पेरला की कला आणि मंचरमध्ये पेरला की हमीभाव, असं आहे का?

काळी_रेगूर
@फुलटॉस, हो, काही अंशी असंच आहे, आणि ते डेनिस बाईंनाही माहीत असणार. तोच गहू मंचरला पेरला तर कुणी थांबून बघणार नाही कारण तिथे तो असणारच. मॅनहॅटनला मागे जुळे मनोरे, समोर पाण्यात स्वातंत्र्यदेवी आणि मध्ये कमरेएवढा गहू, आणि टाय लावलेली माणसं जेवणाच्या सुट्टीत कुंपणाशी उभी राहून लोंब्या बघतायत अशी कल्पना करा. शिल्पकार दगड निवडतो तशी त्यांनी जागा निवडली. बाकी वजन, आकार, उंची हे सगळं आहेच की, फक्त ते वाढतं आणि वाळतं.

चुलत्यांचा मुद्दा मात्र सोडू नका, तो खरा आहे. यावर पुढे कुणीतरी बोलेलच.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एक अगदी उलटं उदाहरण आहे. मॅनहॅटनमध्येच सोहो भागात वूस्टर स्ट्रीटवर वॉल्टर डी मारिया यांची 'अर्थ रूम' आहे, १९७७ पासून. खालून बेल दाबायची, जिना चढून जायचं, आणि वर घराच्या आत माती. फक्त माती. ३६०० चौरस फूट जागेत २२ इंच उंचीचा थर, वजन २ लाख ८० हजार पौंड. आपल्या भाषेत सव्वातीन गुंठ्यांत पावणेदोन फूट माती, सुमारे १२७ टन, तीही वरच्या मजल्यावर आणि न्यूयॉर्कच्या सगळ्यात महागड्या वस्तीत. गुडघ्याएवढी काच आहे तिथून बघायचं, आत पाय ठेवायचा नाही, फोटो काढायचा नाही.

आत गेल्यावर आधी वास येतो, मग दिसतं. बाहेर ट्रॅफिक आणि आत एकदम पाणी दिलेल्या वाफ्याचा गारवा. बायको म्हणाली हे काय, इथे मेथी तरी लावायची. पण तीच तर गोम आहे, काही उगवू द्यायचंच नाही. माणूस ठेवलाय, तो माती ओली करतो, दाताळं फिरवतो, काही उगवलं तर उपटतो, मशरूम आली तर काढून टाकतो. जवळपास पन्नास वर्षं ही माती नापीक ठेवायला मेहनत चाललीय! तुमच्या निकषाने याचं काय करायचं सांगा. माती जिथल्या तिथे आहे, पण तिचं झालं काहीच नाही.

आणि एक, २०२१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर पार्कात माया लिन यांनी 'घोस्ट फॉरेस्ट' केलं होतं. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधली ४९ वाळलेली सीडरची झाडं आणून हिरव्यागार बागेत उभी केली. समुद्राचं खारं पाणी आत शिरल्यामुळे इकडचं हे सीडरचं जंगल उभं वाळतंय. प्रदर्शन संपल्यावर ते लाकूड ब्रॉन्क्समधल्या एका संस्थेला दिलं, तिथे शाळकरी मुलांनी त्याच्या होड्या बांधल्या. हे तुमच्या यादीत बसावं.

काळी_रेगूर
होड्यांचं माहीत नव्हतं, मस्तच. अर्थ रूमबद्दल मात्र माझं मन दुभंगलंय. प्रयोगशाळेतला माणूस म्हणून सांगायचं तर ज्या मातीत मुळं नाहीत, पालापाचोळा पडत नाही, तिच्यातले जीवजंतू हळूहळू उपाशी मरतात. तरी मला वाटतं ते काम खोटं नाही. शहराच्या पोटात खाली माती आहे हे विसरलेल्या लोकांना सव्वातीन गुंठ्यांची आठवण ठेवलीय. पण माझ्या निकषाने नापास. कडक मास्तर आहे मी.

ठेचा_भाकर
राजुऱ्याकडचा आहे, पाचपुतेंचं सास्ती आमच्याच भागातलं, म्हणून लिहून राहिलो, नाही तर अशा धाग्यावर मी फक्त वाचतो.

पाचपुतेंची चित्रं-शिल्पं शहरातल्या लोकांना स्वप्नातली वाटतात, डोक्याच्या जागी यंत्र वगैरे. आमच्यासाठी त्यात स्वप्नबिप्न काही नाही भाऊ. ओपनकास्ट खाण कशी होते सांगतो. आधी वरची काळी माती काढतात, मग मुरूम, मग दगड, मग कुठं कोळसा लागतो. हे जे वरचं सारं निघते त्याले आम्ही ओबी म्हणतो, त्याचे डोंगर उभे होतात. गावाच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, दोन्ही माणसानं केलेले, दोन्ही दरसाल वाढतात. खड्ड्यातलं पाणी पंपानं उपसून फेकतात तं आजूबाजूच्या विहिरी आटतात. दुपारी ब्लास्टिंग झालं का ताटातली वाटी वाजते. आमच्या घराच्या भिंतीले जी भेग आहे तिच्यात माझी बोटं जातात, अर्ज दिले, पाहणी झाली, भेग मात्र वाढूनच राहिली.

आणि कापूस. वेचणीच्या वेळी बोंड फुटलेलं असते आणि रस्त्यावरून ट्रक गेला का त्याच्यावर काळी धूळ बसते. व्यापारी मूठभर कापूस हातात घेते, दोन बोटांनी फाकवते, काही बोलत नाही, भाव पाडते. ह्याचं शिल्प करा कोणी.

रेगूर भाऊंचा प्रश्न आमच्याइकडे रोजचा आहे. कागदावर वरची काळी माती वेगळी ठेवायची असते, म्हणजे मागून खड्डा बुजवला का वर परत पसरता येते. माझ्या बापाच्या शेताची माती ढिगाऱ्यात कुठं गेली ते कोणालेच सांगता येत नाही.

रेषा_बडोदा
ठेचा_भाकर, तुमचा प्रतिसाद वाचून मग लिहायला बसले. मी शिल्पकला शिकलेय, त्यामुळे पाचपुतेंबद्दल थोडी भर.

लोक म्हणतात खाणीतल्या मुलाने खाणीतल्या कोळशानेच चित्रं काढली. ऐकायला फार छान आहे पण भिंतीवर ते जो चारकोल वापरतात तो लाकडी कोळसा, जाळलेल्या काटक्यांचा. दगडी कोळसा वेगळी चीज, त्याने असं काढता येत नाही. दुसरं म्हणजे त्यांची मोठी रेखाटनं थेट प्रदर्शनाच्या भिंतीवर असायची, प्रदर्शन संपलं की त्यावर चुना. म्हणजे धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवलंय, काहीच उरत नाही! सोबत मातीची, फायबरची शिल्पं, आणि स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशन. २०१२ ला मुंबईत क्लार्क हाउसमध्ये त्यांचं 'कॅनरी इन अ कोलमाइन' झालं, २०१४ ला साओ पावलोच्या बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) होते, २०१८ च्या कोचीच्या बिनालेत शेतकरी आंदोलनांवरचं मोठं काम होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत आले होते, पायांना फोड आलेले फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. २०२१ चं आर्टेस मुंडी हे वेल्समधलं पारितोषिक अंतिम यादीतल्या सहाही कलाकारांना मिळून दिलं, त्यात ते एक. तिथे त्यांनी वेल्सच्या जुन्या खाणकामगारांचे मोर्च्यातले बॅनर अभ्यासून चंद्रपूर आणि कार्डिफ एका कापडावर आणलं. २०२२ ला व्हेनिसचा बिनाले.

मला त्यांचं आवडतं ते हे की शेतकरी आणि खाणकामगार हे दोन वेगळे लोक आहेत असं ते दाखवत नाहीत. जमीन गेली म्हणून खाणीत लागला आणि खाणीतून सुटला की उरलेल्या तुकड्यावर तूर लावतो, असा एकच माणूस.

वलय शेंडे पण बघा, नागपूरचेच. धातूच्या बारक्या चकत्या एकमेकींना जोडून आकृत्या करतात, हाजीअलीच्या चौकातला डबेवाला त्यांचाच. त्यांचा एक पूर्णाकृती ट्रक आहे, मागे माणसं भरलेली. गाव सोडून निघालेल्या ट्रकमधल्या लोकांचे चेहरे जसे असतात तसेच.

फुलटॉस
हे जरा पटलं. पण रेषाताई, एक सांगा, भिंतीवर चुना लागला, बिनाले संपला, व्हेनिसला वाहवा झाली. ठेचा_भाकर यांच्या भिंतीची भेग तिथेच. मग उपयोग काय?

रेषा_बडोदा
भेग बुजवणं हे शिल्पकाराचं काम आहे असं मला वाटत नाही, ते ज्यांनी ब्लास्टिंग केलं त्यांचं आहे. कलेकडून भरपाई मागायची आणि ज्याच्याकडून मागायची त्याला सोडून द्यायचं हा कुठला न्याय. आणि इथेच माझा धागाकर्त्यांशी वाद आहे. जमिनीचं भलं झालं की नाही हा निकष लावला तर वृक्षारोपण समिती सगळ्यात मोठी शिल्पकार ठरेल.

बांधावरचा_दगड
सुबोध गुप्तांचं ते शेणाच्या गोवऱ्यांचं काम कुणी पाहिलंय का, १९९७ चं, गोवऱ्या गोल रचून आत शिरता येईल अशी खोलीच केली होती. फोटो पाहून आमची आजी म्हणाली हा तर उडवा, पण वरून लिंपला नाही, पावसात जाईल. समीक्षा संपली.

तिरफळ
एडिसनकरांनी खाऱ्या पाण्याचं लिहिलं म्हणून गोव्यातून थोडं. आमच्याकडे खाजण शेती आहे. नदीच्या भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध, आत भात, आणि बांधात मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. मोटर नाही, माणूस उभा राहायला नको. माती, पेंढा, जांभा दगड, बास. आत कोरगुट भात लावायचे, त्याला थोडा खार चालतो. जुनी मानस जवळून पाहिली तर लाकूड शिंपल्यांनी भरलेलं, कडा झिजून गुळगुळीत, पण झडप अजून पाण्याचा थेंब न गळता बसते. मला कुणी शिल्प दाखव म्हटलं तर मी आधी मानस दाखवीन, म्युझियम नंतर.

पण रेषाताईंच्या वादात मी धागाकर्त्यांच्या बाजूने. बांध दरवर्षी दुरुस्त करावा लागतो, पूर्वी गावकरी मिळून करायची. आता लक्ष नाही, एकदा बांध फुटला की खार आत शिरतो आणि दोन-चार वर्षांत शेताचं खारफुटीचं रान होतं. जी वस्तू निगेवर उभी आहे तिला निगेवरूनच जोखायचं ना? दगडाच्या मूर्तीला तो नियम नको लावू हवा तर.

काळी_रेगूर
तिरफळ, तुम्ही माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलंत. रेषाताई, वृक्षारोपण समितीला मी शिल्पकार म्हणणार नाही कारण समिती फोटो काढून घरी जाते. पण हे बघा. डेनिस बाईंनीच फिनलंडमध्ये यलोयार्वी इथे 'ट्री माउंटन' केलाय, १९९२ ते ९६. जागा कुठली, तर खडी काढून काढून भकास झालेली. तिथे ४२० मीटर लांब मातीचा डोंगर रचला आणि ११ हजार लोकांकडून ११ हजार झाडं लावून घेतली, गणिताने आखलेल्या वळणांच्या रांगांत. ज्याने झाड लावलं त्याला प्रमाणपत्र, ते वारसांकडे जातं आणि मुदत ४०० वर्षं. डोंगर विकता येत नाही, झाड तोडता येत नाही.

ठेचा_भाकरांच्या गावाला जो ओबीचा डोंगर आहे तोही माणसाने रचलेलाच. उंचीलाही कमी नसेल. फरक एवढाच की त्याच्यावर कुणाचं नाव नाही आणि ४०० वर्षांचा विचार कुणी केलेला नाही.

ठेचा_भाकर
आमच्याइकडे ओबीवर झाडं लावतात ना. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, आता बांबू. खालून हिरवं दिसते. पण पावसाळ्यात एकदा वर जाऊन पाहा, उताराले मनगट जाईल एवढ्या घळ्या पडतात आणि सारा गाळ खालच्या नाल्यात, नाल्यातून वावरात. झाड जगलं ते दगडात जगलं, मातीत नाही. ४०० वर्षं तं सोडा, मागच्या सायबाची बदली झाली तेव्हापासून टँकर नाही.

सौंसरवाली
पारडसिंगा आमच्या सौंसरजवळच. जिल्हा आता पांढुर्णा झाला, २०२३ ला, आणि आहोत मध्य प्रदेशात पण घरात-बाजारात मराठीच चालते.

शेतातलं मोठं चित्र सगळ्यांनी फोटोत पाहिलं, ते वरून दिसायचं. आम्ही जमिनीवर राहणारे लोक, आम्हाला काय दिसायचं तर इथे दाट पेरलंय आणि तिथे रिकामं का सोडलंय एवढंच. तेव्हा लोक हसले पण. टिकलं ते दुसरंच. देशी कापसाची बी लावून घेणं, बायांनी सूत कातणं, त्या सुताच्या राख्या, राखीत बी. राखीची हौस फिटली की कुंडीत टाकायची. दिवाळीला फटाक्याच्या आकारात बी भरून देतात, वात पण असते, पोरं फसतात :) राखीच्या मोसमात बायांना घरबसल्या पैसा मिळतो, तो हातात येतो. आपल्या भागात २००२ नंतर सगळीकडे बीटी (जनुक बदललेली कपाशी) आलं, दरवर्षी पाकीट विकत घ्या, देशी कपाशीचं बी धरून ठेवलेलं घर शोधून सापडत नव्हतं. आता गावात कुणीतरी ते राखतंय.

याला शिल्प म्हणा नाही तर नका म्हणू. फुलटॉस यांच्या चुलत्यांचा जो मुद्दा होता ना, की त्यांना कुणी बोलावलं नाही, तो मला इथे थोडा सुटल्यासारखा वाटतो. थोडाच. बाहेरून पाहुणे आले की प्रश्न अजूनही कलाकारांनाच विचारतात, बाया चहा आणून देतात.

फुलटॉस
शेवटचं वाक्य जबरी. चुलत्याला हा धागा वाचून दाखवला, तो म्हणतो न्यूयॉर्कचा गहू कुठल्या वाणाचा होता ते विचार, बाकी कळलं.

बांधावरचा_दगड
मे मध्ये पेरतात म्हणजे तिकडचा वसंतातला गहू. आपल्याकडे मे मध्ये पेरला तर उगवणारही नाही धड. चुलत्यांना नमस्कार सांगा.

काळी_रेगूर
@ठेचा_भाकर, भाऊ, एक विनंती. ओबीवरची आणि तुमच्या उरलेल्या वावरातली, दोन्ही मातीचे नमुने पाठवाल का? सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, क्षारता बघू, घळ्या का पडतात त्याचाही अंदाज येईल. पद्धत सांगतो. वरचा काडीकचरा बाजूला करून व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. अशी आठ-दहा ठिकाणची एकत्र करून गोणपाटावर पसरायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा मिसळायची, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. खताच्या पिशवीत भरू नका, रिपोर्ट चुकतो. पत्ता व्यनितून (खासगी निरोपातून) देतो.

ठेचा_भाकर
पाठवतो. वावरातली सोपी आहे. ओबीवर मात्र वीतभर खाली गेलो का कोळशाचा चुरा, मुरूम आणि काळी माती असं तिन्ही एकाच खड्ड्यात लागते, चार हातांवर पुन्हा वेगळंच. आठ ठिकाणची एकत्र केली तं रिपोर्ट कोणाचा येईल ते सांगा आधी. का वेगवेगळ्या पुड्या करू?

काळी_रेगूर
वेगवेगळ्या करा. प्रत्येक पुडीवर जागा लिहा, आणि जिथे काळी जास्त लागेल तिथली दोन पुड्या जास्तीच्या.